भाररेषा

स्कालिकीबाई स्क्रीन माझ्याकडे वळवतात.
बासष्ट क्रेडिट घेऊन आले होते,
त्रेपन्न टिकली.
उरलेली नऊ कुठे गेली, तर म्हणे
वेल्डिंगला इथे खातं नाही.
दोन हिवाळे डोळ्यांवर काच ओढून
लोखंडाला लोखंड सांधलं मी.
कागदावर आता ते ‘इतर’.

म्हणून मी अठरा मागते.
सेंद्रिय रसायन, कॅल्क्युलसचा तिसरा भाग,
मृदाशास्त्र, नकाशावाचन,
आणि ते सक्तीचं लेखन, जे एकदा करून झालंय
पण इथल्या शिक्क्याने पुन्हा करायचं.
सत्तावीस वर्षांची आहे मी.
वाया गेलेलं फेडून टाकावं एकदाचं,
व्याजासकट.

बाई चष्मा कपाळावर ढकलतात.
‘पहिल्या सत्रात
इमारती शोधण्यातच तीन क्रेडिट जातात.’
हसत नाहीत.
‘नोकरी?’
‘बेकरीत. पहाटे तीन ते आठ.’
पेन्सिलीने त्या एकेक चौकोन काळा करतात,
सोमवार, मंगळवार, सावकाश,
मग संध्याकाळी सातनंतरचेही.
‘हे कशाला?’
‘झोप. तुझ्या यादीत नव्हती.’

खिडकीतून डुलुथचं बंदर दिसतं.
एक लांबलचक बोट खनिजाच्या धक्क्याला लागलेली,
तांबडी धूळ पोटात घेत
हळूहळू खाली बसत चाललेली.

बाबा एकतीस वर्षं त्या धक्क्यावर होते.
मी सातआठ वर्षांची असेन,
त्यांनी बोटीच्या कुशीवरच्या पांढऱ्या रेघा दाखवल्या होत्या.
ही उन्हाळ्याची, वरची.
ही खालची, हिवाळ्याची. थंडीत इथवरच बुडवायची,
यापुढे एक टोपलीही नाही.
मी विचारलं, थंडीत बोट अशक्त होते का?
बाबा म्हणाले, बोट तीच असते गं,
सरोवर तेच राहत नाही.

‘तुओमिनेन?’ बाई थांबल्यात.

रसायनावर मीच काट मारली.
बेकरीत सगळ्यांना ज्याचं नाव सांगून ठेवलं होतं
नेमकं तेच.
तेरा उरले.
बाईंनी शाबासकी वगैरे दिली नाही,
ड्रॉवरमधून एक नकाशा काढून दिला,
पार्किंगचा.

घरी एइनो म्हणाला, तेरा? अपशकुनी आकडा.
बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला, विचारलं,
‘लॅब किती?’
एक, म्हटलं.
त्यांनी आवाज परत वाढवला.
आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

आणि हे कुणाला सांगितलेलं नाही.
रात्री सगळे झोपल्यावर
रसायनाच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं.
एकोणिसावा नंबर.
एवढी माणसं काही गळत नाहीत.
गळलीच, तर काय करीन
ते ठाऊक नाही.

अडीचचा गजर लावला.