सादिल

खडू, डस्टर, फिनेल, दोन खराटे,
घंटेचा दोर (जुना उंदरांनी खाल्ला),
आणि खाली माझ्याच अक्षरात:
समुपदेशक, दर मंगळवारी, प्रवासखर्च.
दुसऱ्या कुठल्या शीर्षाखाली तिला बसवता येईना.
तालुक्याहून पृच्छा आली: ही वस्तू की सेवा?
सेवा, मी कळवलं.
मग सेवेचं हजेरीपत्रक मागितलं, तीन प्रतींत.

नाझनीन सारंग. सात शाळा तिच्या गळ्यात,
आमची शेवटची, खाडीपलीकडची.
होडीतून उतरायची चपला हातात घेऊन,
पोटरीपर्यंत चिखल, पिशवीत रंगीत पेन्सिली,
स्वतःच्या पैशाच्या.
खोली नव्हती. पोषण आहाराच्या कोठीत
तांदळाच्या पोत्यांवर तिची कचेरी.
म्हणायची, बरं आहे सर, पोत्यांना कान नसतात.

पहिल्या महिन्यात गाव म्हणालं,
"पोरांका येड लागला काय, म्हणान बाई येता?"
चौथ्या महिन्यात रापण ओढणारा जिवाजी तारी
फाटकापाशी टोपी चाळवत उभा,
"सर, मंगळवारी मोठ्यांका चलात काय?"

तेव्हा सातवीत असलेला दुर्वांक केळुसकर
शर्टाची कॉलर चघळायचा, दोरे निघेपर्यंत.
तो कोठीत काय बोलला मला ठाऊक नाही.
मी विचारलं एकदा, मुख्याध्यापक म्हणून.
ती म्हणाली, ते त्याचं आहे.
मला राग आला होता. तेही लिहून ठेवतो.
नाताळानंतर एक दिवस बघतो तर
कॉलर अख्खी, इस्त्रीची,
आणि हा जेवणाच्या रांगेत कुणाला तरी ढकलतोय.
मी ओरडलो नाही.

अकरा महिन्यांचा करार, अकरा महिन्यांनी संपला.
प्रस्ताव गेला. उत्तर आलं: तत्त्वतः मान्य.
तत्त्वतःला पगार नसतो,
तत्त्वतः होडीत बसून येत नाही.
पुन्हा पृच्छा: मुलांना नेमकं झालंय काय? आकडेवारी जोडा.
काय जोडू?
चघळलेली कॉलर, नग एक?
परीक्षेला बाकाखाली बसणारी जुई गिरकर,
जी हल्ली बाकावर बसते, पण अगदी टोकाला?

किनाऱ्यावर बंधारा होतोय, काळ्या दगडांचे ट्रक येतात.
माझी तक्रार नाही. समुद्राने माडांच्या दोन ओळी खाल्ल्या,
सगळ्यांनी बघितलं, फोटो काढले,
फोटो फाईलला लागले.
मुलाला आतून काय खातं
त्याचाही फोटो मागतात माझ्याकडे.

यंदा यादी परत लिहिली.
तिला खराट्यांच्या वर घेतलं.
तेवढंच माझ्या हातात.

आज मंगळवार. होडी आली, तिच्यात बर्फाच्या लाद्या आणि एक कोंबडा.
दुर्वांक कुणी न सांगता कोठीत जाऊन बसलेला.
मी गेलो, समोरच्या पोत्यावर टेकलो,
गुडघे कुठे ठेवायचे कळेना.
पोत्यातून एक सोंडकिडा निघाला. दोघांनी तो
पार शिवणीपर्यंत जाताना पाहिला.
मग तो म्हणाला,
"सर, तुमी बाई न्हय. तुमका जमाचा नाय."
मी उठायला लागलो.
"पण बसा."