दुबार छपाई

चौतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तपासणीच्या टेबलावर होतो.
एका छापावर दुसरा चढला, अक्षर सरकलं,
की नोट बाजूला, आणि संध्याकाळी भट्टीत.
तेवढंच येतं मला अजून: चुकलेलं ओळखणं.

अश्लेषाचा फोन येतो रात्री साडेदहाला.
ती वेल्समध्ये नर्स आहे, कार्लियनजवळ.
म्हणते, बाबा, इथे रोमनांची छावणी होती,
आता नुसतं गवत, आणि मेंढ्या.
देवळालीच म्हणा, फक्त तोफा नाहीत.

तिच्या वॉर्डात एक म्हातारी आहे, मिव्हानवी,
कवळी काढून ठेवून शब्द शिकवते.
पुलाला पोंत. खिडकीला फेनेस्तर.
दोन्ही रोमनांनी मागे टाकलेले.
शिपाई गेले त्याला सोळाशे वर्षं झाली,
खिडकी उघडायची तर अजून त्यांच्याच जिभेने.

मी म्हटलं, आपला पूल तरी कुठे आपला? फारसी.
आणि व्हिक्टोरिया पुलाचं नाव कधीच बदललं,
रिक्षावाल्याला मी अजून व्हिक्टोरियाच सांगतो.
तोही मुकाट नेऊन सोडतो.

आणि पैशाला गं? मी विचारलं. सवयीने.
आरियन, ती म्हणाली. म्हणजे चांदी. तो त्यांचा स्वतःचा.
मी गप्प झालो.
दाम करी काम म्हणत जन्म काढला,
आणि दाम आलाय ग्रीकांच्या द्रख्मापासून.

रविवारी अंजनेरीला गेलो, नाण्यांच्या संग्रहालयात.
काचेखाली क्षत्रपाचं चांदीचं नाणं,
जोगलटेंभीच्या मडक्यातलं, म्हणे.
कडेने ग्रीक अक्षरं, बहुतेक
वाचता न येणाऱ्यानेच कोरलेली.
आणि थेट गालावर ठोकलेला
सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर.
वितळवायला सरपण लागतं.
ठोकायला नुसता हात.

राजा हरला, नाणं चालू राहिलं.
गोदाकाठी कुणी त्यावर तीळ घेतले असतील,
वाण्याने पाहिलं असेल फक्त वजन.

चष्मा पुसून वाकलो.
डोंगराखालून नाक दिसत होतं,
लांब, परकं, शाबूत.
माझा हात आपोआप गेला, बाजूला काढायला,
आणि काचेवर आपटला.

काका, हात नका लावू, रखवालदार म्हणाला,
आणि फडक्याने माझा ठसा पुसू लागला.
नीट निघेना.