बारातल्या नऊ

तंबू भाड्याचा. सोमवारी परत द्यायचा,
म्हणून रविवारी गच्चीवर वाळत घातला,
माहीमच्या आमच्या इमारतीच्या टाकीपासून
डिशच्या खांबापर्यंत दोर ओढून.
तिसऱ्या मजल्यावरचे परेरा जिना चढून आले,
"लग्न कुणाचं?" विचारून
उत्तर न ऐकताच उतरले.

झटकला, तर वाळू पडली.
रेवदंड्याची काळपट,
होन्नावरची पिठासारखी,
कण्णूरची शिंपल्यांच्या चुऱ्याची.
वन्संनी ती केरसुणीनं एका ढिगात ओढली,
सुपली टेकवली,
आणि तशाच बसून राहिल्या.
अकरा दिवसांचा डांबरी रस्ता
मूठभर झाला होता.

वय सदुसष्ट. त्यातली छत्तीस वर्षं
कानांवर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड,
हातात दोरीची पिन.
मंगळूर, कालिकत, कोचीन:
लोकांची बाळंतपणं, मयतं, मिरचीचे भाव
या गावांतून त्या गावांत पोचवले यांनी,
आणि स्वतः कधी पनवेलच्या पुढे गेल्या नाहीत.
"कालिकतच्या लाइनीत नेहमी
कढईत मोहरी तडतडल्यासारखं व्हायचं," म्हणाल्या एकदा,
"म्हटलं, असतं तरी कसं ते गाव?"
एवढ्यावर मी गाडी काढली.

रेवदंड्याला सुरूच्या बनात पहिली रात्र.
तटाची भिंत मधोमध फुटलेली,
त्यातून एक बकरी आली, आम्हांला हुंगून गेली.
मी मेख ठोकत होते, ती वाकडी जाई.
वन्सं म्हणाल्या, "हलव. हलवून हलवून
खुंटा बळकट करतात, शाळेत नाही शिकलीस?"

मग रोज संध्याकाळी तेच:
परवानगी, हातवारे, नारळ, दगडाचा हातोडा.
किनाऱ्यावर सगळीकडे कुणीतरी आधी उतरून गेलेलं.
कुणी मिरीसाठी, कुणी देवासाठी,
जांभ्याचे चिरे रचून, तोफा लावून,
आता राहतोच इथे, असं ठरवून.
तोफांच्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्यात.
बुरुजावर तिकीट पंचवीस रुपये.

कालिकतला वन्संना जुनं एक्स्चेंज बघायचं होतं.
तिथे मोबाइलचं दुकान.
पोरगा म्हणाला, "अम्मा, रीचार्ज?"
त्यांनी दहा रुपयांचं केलं. कशाला, विचारलं नाही मी.
त्या रात्री तंबूत उशिरापर्यंत
समुद्राकडे कान देऊन होत्या,
पलीकडून कुणी
"बॉम्बे, जरा थांबा" म्हणेल, अशा बेतानं.

कोचीनच्या जाळ्यांजवळ आम्ही भांडलो.
कारण सांगण्यासारखं नाही. सांडलेली कॉफी.

सोमवारी अन्सारीभाईंनी काउंटरवर पिशवी ओतली,
मेखा मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"बारा दिल्या होत्या, ताई. नऊ आहेत."
"पडल्या असतील."
"एकीचे चाळीस."
एकशेवीस कापून अनामत परत.
वर म्हणाले, राग नव्हता,
"सगळेच कमी आणतात. ठोकताना मोजतात,
उपटताना अंधार असतो."

घरी येऊन सांगितलं, तर वन्सं भाजी निवडतानाच बोलल्या,
"एक रेवदंड्याला आहे. एक कालिकतला.
मी काढल्याच नाहीत.
अजून दाबल्या वरून, टाचेनं."
"का पण?"
"एवढ्यांनी एवढे किल्ले सोडले,
त्यांना कुणी विचारलं, का म्हणून?"

आणि तिसरी?
देठं सुपात, पानं परातीत.
उत्तर आलं नाही.

मग बुधवारी पाणी घालायला गॅलरीत गेले,
तर कढीपत्त्याच्या कुंडीत, कललेल्या रोपाला
जुन्या टेलिफोनच्या वायरीनं बांधलेली,
लोखंडाची, वाकलेल्या मानेची,
टोकाला कोचीनचा गंज.

हलवून पाहिली.
घट्ट होती.