कोरडा दिवस

मंगळवारी आमच्या बावड्यात पाणी सोडत नाहीत.
आणि वरून आलेल्या कागदावर
कोरडा दिवस मंगळवारच.

"बाई, तुझं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?
नळाला थेंब न्हाई त्या दिवशी साठवण वतून टाकू?"
उलप्यांची आक्काताई उंबऱ्यात उभी,
हाताला भांड्यांची राख.
तिचं चुकत नाही.
ज्यानं वार ठरवला
त्याच्या घरचा नळ कधी सुट्टीवर जात नसावा.

"बरं, उद्या पाणी यायच्या आधी वता.
पर बॅरल घासून, पुसून. नुसतं उपडं न्हाई.
अंडी कडंला चिकटून ऱ्हातात."

मी टॉर्च लावते.
निळ्या बॅरलच्या पोटात उजेडाचं एक ताट पडतं
आणि ताटात स्वल्पविराम.
जिवंत. वळवळणारे.
वर येऊन शेपटीनं श्वास घेणारे,
डोकं खाली करून लोंबणारे.

"आमच्यात किडं? आमी दोनदा गाळून भरतोय!"

वाद घालायचे पैसे मिळत नाहीत.
मी पिशवीतली बाटली काढते,
मुरांब्याची, तोंडाला मलमल, वर रबर.
आत सात अळ्या,
बागवानांच्या फ्रिजमागच्या ताटलीतून चमच्यानं उचललेल्या.
बाटली बॅरलशेजारी धरते.
आक्काताई एकदा इकडं बघते, एकदा तिकडं.
मग गप्प होते. मग म्हणते,
"च्या घेणार?"

पुढच्या घरात दत्ताजीराव, चौथा दिवस तापाचा.
उशाशी पपईच्या पाल्याचा हिरवा रस,
आणि तीन किवी, साठ रुपयाला एक,
जावयानं बसानं आणलेले.
फळं बघून म्हातारा म्हणतो,
"ह्याला केसं का हैत?"
मी म्हणते, खा की, फळच हाय.
पर पाणी किती प्यालासा? लघवीला गेला कवा?
मुलगा खिशातून अंगदुखीच्या गोळ्या काढतो.
ह्या नकोत रे. तापाची साधी, तीही विचारून.
नाचणीची आंबील करा, ताक घालून, पातळ,
घोटाघोटानं दिवसभर.
पोटात दुखलं, उलटी थांबेना, हिरडीतनं रक्त आलं,
तर माझी वाट बघत बसू नका,
रात्र असली तरी रिक्षा करा.
आणि दिवसासुद्धा मच्छरदाणी.
हा डास उजेडात चावतो, पापभिरू असल्यागत.

त्याची सून दाराआड.
पापणी खाली ओढून बघितली तर आत कागद.
लोहाच्या गोळ्या देवघरातल्या डबीत,
कुंकवाशेजारी, जशाच्या तशा.
"काळं होतं म्हणून थांबवल्या."
काळं होऊ दे गं, ते काळं चांगलं.
जेवणावर लिंबू पिळ. चहा तासाभरानं.
ती मान हलवते.
ही मान मला पाठ आहे. ती गोळी घेणारी मान नाही.

दारावर खडूनं तारीख लिहिते,
खाली बाण, खाली माझी सही.
पाऊस ते पुसतो, पोरं त्यावर क्रिकेटच्या रेघा ओढतात.
पुढच्या मंगळवारी पुन्हा.

मग बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं, गडहिंग्लजला.
तीन दिवसांचं सांगून आठवडा गेला.
बाटली राहिली स्वयंपाकघरातल्या फळीवर,
मिठाच्या आणि तिखटाच्या मधोमध.

आल्या आल्या धाकटा ओरडला,
"आई, तुझी शाळा पास झाली!"

मलमलीला आतून चिकटलेले पाच डास,
पायांवर पांढरे पट्टे, अगदी तक्त्यातल्यासारखे,
आणि खाली तरंगणारी त्यांची रिकामी कातडी.
सहावा नव्हता, सातवाही नव्हता.
रबर एका बाजूनं सैल.

मी फ्रिज पुढं ओढला, मागं वाकले.
आमच्याही ताटलीत पाणी.
टॉर्च लावायला हात गेला
आणि तसाच थांबला थोडा वेळ.

बाहेर आक्काताईचा आवाज,
"ताई, आलीस व्हय? आमचं बॅरल बघ येऊन,
सोड्यानं घासलंय, आरशागत झालंय."

आले, म्हणाले.
आधी माझं घासते.