खडू

वखारीतून आई घरी आली
की आधी तिचा पदर खाकरतो, मग आम्ही.
तवा तापतो. तंबाखू काळी होईतो भाजायची,
चुरायची, डब्यात भरायची: मिश्री.
त्याच फळीवर, तसल्याच डब्यात
टाकीत टाकायची ब्लिचिंग पावडर.
"वासावरनं कळतंय की," म्हणते.
वीस वर्षं निपाणीची धूळ ओढल्यावर
वास कुठला उरलाय, हे मी बोलत नाही,
एका डब्यावर लाल फुली मारते.

दवाखान्यात टॉर्च गालाच्या आत गेला.
पांढरा डाग.
"बिडबेकू, अव्वा," डॉक्टर म्हणाला.
"बिडी? मी कुठं ओढते बिडी?"
कन्नड तिला माझ्यापेक्षा बरं येतं.

ट्यूब आणली. उलटसुलट बघितली तिनं.
"ह्यात काय असतंय गं, केमिस्ट्रीवाले?"
फ्लोराइड सांगितलं, फेसाचं सांगितलं,
शेवटी म्हटलं, बरंचसं खडूचंच पीठ.
"खडू?"
ब्रश तोंडात तसाच.
"शाळंत तर कुणी घातलं न्हाई मला."
मग थुंकली मोरीत.
पांढऱ्यावर एक काळी रेघ,
पाटीच्या उलट.

रात्री भांडी घासताना
तवा कोमट लागला.