सुपडू मापाड्याची वही

धरणगावच्या कापूसपेठेत
माझा खापरपणजा काटा धरून बसायचा.
अक्षरओळख नव्हती. मणाला रेघ,
वीस मणांना टिंब,
अशी त्याची वही.

सात समुद्रांपलीकडे
गोरे गोऱ्यांशी लढत होते
काळ्या माणसांच्या पाठीवरून.
त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
दिसायचं ते एवढंच :
पारडं खाली, भाव वर,
आणि बैलांच्या शिंगांना
पितळ काढून चांदीच्या शेंब्या.
त्या चार वर्षांत टिंबंच टिंबं,
देवी आल्यासारखं पान.

मग वैशाखात तार आली.
शेठ डोक्यावरची पगडी काढून
मांडीवर घेऊन बसला.
पारड्यात गाठोडं तसंच;
वजन पुकारायला कुणी सांगेना.

सुपडूने हमालाला विचारलं, काय व्हयनं?
लढाई सरनी.
मंग चांगलंच व्हयनं ना?

हमालाने खांद्यावरचं फडकं झटकलं.
पेठेत दुपारभर
तंतू उडत राहिले.

मी आठवीला इतिहास शिकवतो.
गुलामी संपली, सन अमुक, दोन गुण.
मुलं नकाशावर बोट ठेवतात,
बोट आणि धरणगाव यांच्यामध्ये
निळा रंग फार.

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे.
त्या दिवसाची रेघ अर्धी.
वजन थांबलं तिथे थांबली,
की हात?
शिवणीत एक सरकी अडकली आहे,
काळी, रोडावलेली.
दरवर्षी तो धडा आला
की खण उघडून बघतो.
काढत नाही.