मासळीवरचा बर्फ

डब्यावर आधी एक चेहरा होता,
जुन्या मेयरचा, सगळे दात दिसणारा.
निवडणुकीनंतर नवी माणसं आली,
त्यांनी चेहऱ्यावर हिरवा रंग फासला.
स्वस्तातला. सामारच्या उन्हात पापुद्रे सुटतात
आणि आता हिरव्याखालून
एक डोळा तेवढा बाहेर बघतो.

हा डबा खांद्याला लावून
मी, पुरिफिकासियोन दाग्सा, आरोग्यसेविका,
बांबूच्या पुलावरून खालच्या वस्तीत उतरते.
तिथं घरं पाण्यात खांबांवर उभी.
कुत्री मला ओळखून शेपूट हलवतात.
माणसं ओळखून दार लावतात.

गोवर आहे. शाळेचा अर्धा वर्ग अंथरुणात.
बेलेनच्या मुलीला इस्पितळात नेताना
दोन बोटी लागल्या, एवढे नातेवाईक.
आणताना एकच.

टीव्हीवर एक सिनेटर म्हणतो, मागची लस विष होती.
दुसरा म्हणतो, विष नव्हती, तू विकला गेलायस.
दोघांची नातवंडं परदेशात शिकतात,
वेळच्या वेळी टोचून घेतलेली.
खालच्या वस्तीत वीज नऊला जाते,
म्हणून इथं फक्त पहिलं वाक्य पोचलं.

मी समजावते. शिकवलंय तसं,
चित्रांचा तक्ता उघडून, हसतमुखानं.
तेओफिला ऐकून घेते. दारात आडवी, कडेवर पोर,
पोराच्या मुठीत सुक्या मासळीचं शेपूट.
मग विचारते,
"यादी आणलीस?"

यादी.
घर क्रमांक, माणसं किती, कोण खोकतं,
कोण पितं, कोण रात्री घरी नसतं.
सहा वर्षांपूर्वी मीच लिहिली, निळ्या पेनानं,
माझं अक्षर चांगलं म्हणून.
वस्तीचा कॅप्टन म्हणाला, आरोग्यासाठी आहे.
महिन्याभरात मोटरसायकली आल्या.
घर सतरा. घर बावीस.
घर एकतीस, तिथं तेओफिलाचा भाऊ राहायचा, नेस्टर,
बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
एवढंच. म्हणून तो रात्री घरी नसायचा.

तो रकाना भरताना मी विचारलं नव्हतं, कशाला.
विचारलं असतं तर महिन्याचे हजार पेसो गेले असते.
हेही खरं. याला कारण म्हणतात की नाही,
मला माहीत नाही.

वर केंद्रात नवी डॉक्टरीण म्हणते,
लोक अडाणी आहेत, अफवांवर जगतात.
मी मान हलवते. नोकरी आहे.
पण तेओफिलाचा हिशोब तर सरळ आहे:
सरकार दारात आलं, भाऊ गेला.
सरकार पुन्हा दारात आलंय.
यात अफवा कुठली, बोट ठेवून दाखवा.

"आज यादी नाही," मी म्हणते.
ती डब्याकडं बघते, हिरव्यातल्या त्या डोळ्याकडं.
"मग माझं नाव कशावर लिहिशील?"
"नाही लिहिणार."
"खोटं. तुला लिहावंच लागतं."
लागतं.

साडेदहा. डब्यात हात घातला तर पाणी.
कुप्या अजून गार, पण किती वेळ.
तेओफिला पोराला उंबऱ्यावर ठेवते, आत जाते.
बाहेर येते ती पातेलं घेऊन:
त्याच कारखान्याचा बर्फ, मासळीवरचा,
खवले चिकटलेला.
स्वतःच्या हातानं डब्यात ओतते.
"नासू देऊ नकोस," म्हणते,
"कुणाच्या तरी पोराचं असेल ते.
माझ्याचं मी अजून काही बोलले नाही."

मी पुलावर बसून आहे.
बोटांना मासळीचा वास.
दार लावलेलं नाही. पोर उंबऱ्यावरच,
शेपूट चघळत माझ्याकडं बघतंय.
हा बर्फ अजून तासभर टिकेल.